खाली ठेवायची हाक

गोव्याला जाऊन आलो असं सांगितलं की कोल्हापुरात माणसं आधी डोळा मारतात आणि मग पिशवीकडे बघतात. माझ्या पिशवीत काजू होते, आमसुलं होती आणि कमरेला बांधायचा पट्टा होता, जो जाताना नवा होता आणि येताना त्याचे दोन बंद तुटले होते. पाच दिवसांत मी समुद्र पाहिला नाही. एक शिसवी कपाट, एक दगडी रगडा, शेजारणीचा फ्रीज आणि एक म्हातारा मुकादम एवढं मात्र उचललं. ज्यांना माझी कंबर माहीत आहे त्यांना ही थाप वाटेल, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कामच असं की बसून करायचं. त्याचं बक्षीस म्हणून कमरेचे दोन मणके एकमेकांवर रुसले आणि डॉक्टरांनी भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही अशी ताकीद दिली. तर एका सकाळी माझी भाची मुक्ता, जी गोव्यात राहून भाषाशास्त्राचा अभ्यास करते, तिचा फोन आला. "मामा, इकडे एक भाषा संपत चाललीय. आणि तुमचं अक्षर चांगलं आहे." या दोन वाक्यांचा संबंध मला लागेना. मग कळलं की तिला शब्दांची वही सुवाच्य लिहून देणारा कुणीतरी हवा होता. "फक्त बसून लिहायचं," ती म्हणाली. या 'फक्त बसून'वर मी फसलो.

डिचोली: न्याहारी आणि टेबल

भाषेची हकिगत मुक्ताने डिचोलीच्या एका हॉटेलात, पातळभाजी आणि पाव खाता खाता सांगितली. इथल्या खाणी आणि कारखाने जोरात चालू असताना जड यंत्रं वाहून नेणाऱ्या हमालांच्या टोळ्या होत्या. त्यातली एक इब्रामपूरची. तिच्यात पेडण्याकडचे गाववाले होते, कोल्हापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले होते आणि बेळगावकडचे कानडी होते. एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळेना. पण एका यंत्राचं धूड सहा खांद्यांवर आल्यावर कळून घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण न कळलेल्याचा पाय जातो. त्यातून या तिघांची मिळून एक भाषा झाली. उचलणं कानडी, उतरणं कोकणी आणि शिव्या आपल्या. पुढे सामान उचलायला क्रेन आल्या, टोळी मोडली आणि भाषा जाणणारी तीन माणसं उरली. गाववाले या भाषेला 'वझ्याची भास' म्हणतात, म्हणजे ओझ्याची बोली.

त्या तिघांपैकी पहिले हिंदूराव आमच्या समोरच बसले होते. मूळचे राधानगरीकडचे, पण डिचोलीत राहून केस पांढरे झालेले. गोव्यातलं सगळं त्यांनी आपलंसं केलं होतं, फक्त तिखट सोडून. त्यांच्या खिशात कांदालसूण चटणीची डबी होती. ती त्यांनी पातळभाजीत घातली, पावावर घातली आणि मला आग्रह करताना माझ्या चहाच्या कपावरही जरा सांडली.

मुक्ताने आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं. "हिंदूरावकाका, 'उचल'ला तुमच्यात काय म्हणायचे?"

हिंदूरावांनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच ठेवलं. मग ते स्वतःच्या तळहातांकडे बघायला लागले.

"न्हाई येत ओ," ते ओशाळून म्हणाले. "हितं बसून न्हाई येत."

मी वहीत तारीख टाकून ठेवली होती, त्याखाली काही लिहिण्यासारखं होईना. एवढ्यात मोठं गिऱ्हाईक आलं आणि वेटरने आमचं टेबल जरा भिंतीकडे सारायला मदत मागितली. हिंदूरावांनी टेबलाला हात घातला, आणि त्यांच्या पोटातून एकदम आवाज निघाला. "एत्तूऽऽ भावा! जनेल बघ, जनेल! नडी, नडी, फाटीं कोण झोपलाय रंऽ!" टेबल वर, सगळं हॉटेल उभं. एत्तू म्हणजे उचल, जनेल म्हणजे खिडकी, नडी म्हणजे चल, आणि फाटीं म्हणजे मागे झोपलेला तो मीच. मुक्ता टाळ्या वाजवत होती. तिचं यंत्र तेवढं पातळभाजीत पडलं होतं.

ही सगळ्या कामाची किल्ली निघाली. या लोकांनी ही भाषा आयुष्यात कधी रिकाम्या हाताने बोललेलीच नव्हती. जेवताना, भांडताना, बायकोशी, आजारपणात ज्याची त्याची आपली भाषा. ही फक्त वजनाखाली. खांदा मोकळा झाला की डोकंही मोकळं.

इब्रामपूर: कपाट

इब्रामपूर हद्दीवरचं गाव. काजूचे दिवस होते, बागांतून पिकलेल्या बोंडांचा वास येत होता, आणि तो वास गोड की आंबट हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. टोळीचे मुकादम भिकाजीबाब इथले. उंच, वाळलेले, कानांत केस, आणि सोप्यावर एका जुन्या खुर्चीत बसलेले. तिकडे खुर्चीला कदेल म्हणतात. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. घरात सत्ता होती ती सून सुलभावहिनींची.

"बाबांक कायच उखलूक दिवचां नाय," त्यांनी आम्ही पायरी चढण्याआधीच सांगून टाकलं. "दोतोरान सांगलां. पेल्याच्या वयर जड कायच नाय." पेल्याहून जड काही उचलायचं नाही म्हटल्यावर मी माझा पट्टा दाखवला. दोन आजारी माणसांची एकमेकांकडे बघण्याची एक तऱ्हा असते, तशी भिकाजीबाब आणि मी ओळख करून घेतली.

तिसरे बसप्पा शेजारच्याच बागेत राखण करायचे. ते आले आणि आधी जेवण झालं. उकड्या तांदळाची पेज, कैरीचं लोणचं, भाजलेला बांगडा. आमच्याकडे पेज म्हणजे आजाऱ्याला द्यायची वस्तू, इथे धडधाकट माणूस वाडगा पुढे करतो. सुलभावहिनी वाढतच राहिल्या आणि बसप्पा वाडग्यावर आडवा हात धरून "साकू, साकू" म्हणत राहिले. म्हणजे पुरे. त्यांना तीनदा साकू म्हणावं लागलं आणि चौथ्यांदा वाढलंच.

मग मुक्ताने किल्ली फिरवली. "काहीतरी जड उचलायला हवं."

सुलभावहिनींचे डोळे लकाकले. आतल्या खोलीतलं शिसवी कपाट सोप्याजवळच्या खोलीत न्यावं म्हणून त्या बारा वर्षं घरात सांगत होत्या. भाषेचं कल्याण आणि कपाटाची जागा दोन्ही एकदम होणार म्हटल्यावर त्यांनी साड्यासुद्धा बाहेर काढल्या नाहीत. पुढे बसप्पा आणि हिंदूराव. मागे मुक्ता आणि दुसरं कुणी नाही म्हणून मी. पट्टा आवळला, वही पोटाशी खोचली.

"एत्तूऽऽ!"

काय सांगू. ज्या हिंदूरावांना हॉटेलात एक शब्द सुचला नव्हता त्यांच्या आणि बसप्पांच्या तोंडून नळ सुटावा तसे शब्द सुटले. "आरमार वांकडां जाता, मेल्लग, मेल्लग रीऽ!" आरमार म्हणजे कपाट आणि मेल्लग म्हणजे हळू, हे मला कुणी न सांगता माझ्या गुडघ्यांनी ओळखलं. उंबऱ्यावर मी पाय चुकवला तेव्हा हिंदूरावांनी माझ्या पूर्वजांविषयी जे काढलं ते मात्र शुद्ध मराठी होतं.

कपाट नव्या खोलीत आलं. जागेवर आलं. आणि तिथेच थांबलो.

"ठेवा की," मी म्हणालो.

"ठेवायचं कसं?" बसप्पा पुढून म्हणाले. "हाक कुठाय? खाली ठेवायची हाक मुकादमच देतो. दुसऱ्यानं द्यायची न्हाई. दोघं बोलले तर एक खाली ठेवतो, एक न्हाई. मग पाय जातोय."

"पण आता ते हृदयाचे..."

"नियम म्हंजे नियम की ओ."

चौघांनी माना वळवून सोप्याकडे पाहिलं. भिकाजीबाब कदेलीत पुढे सरकून बसले होते. त्यांनी हात वर केला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि शब्द आला नाही. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा नाही. तो वर केलेला हात हळूहळू गुडघ्यावर आला.

"माका आठवना," ते म्हणाले.

इतका वेळ मला माझ्या कमरेचं दुःख होतं, ते त्या क्षणी खरोखर विसरलो. त्या माणसाकडे बघवत नव्हतं. पण कपाट हातात होतं, आणि बसप्पा हाकेशिवाय ते जमिनीला टेकवायला काही केल्या तयार होईनात. शेवटी सुलभावहिनींनी एक लांब लाकडी बाकडं आणून कपाटाखाली सरकवलं. जमिनीला टेकलं नाही, म्हणजे ठेवलं नाही, असा बसप्पांनी निवाडा दिला आणि आमची सुटका झाली. कपाट तसंच बाकड्यावर उभं राहिलं. वहिनी स्टुलावर चढून साड्या काढायला लागल्या.

इब्रामपूर: सगळंच वर

संध्याकाळी मी भिकाजीबाबांशेजारी बसलो. रविवारी देवळाच्या मंडपात मुक्ताचा पहिला वर्ग होता. डिचोलीच्या टेम्पो स्टँडवरचे काही हमाल आणि कॉलेजातल्या काही मुली ही भाषा शिकायला येणार होत्या. वहीत उचलायचे, चालायचे, वळायचे, शिव्या द्यायचे असे सगळे शब्द आले होते. फक्त शेवटची हाक नव्हती आणि ती फक्त याच माणसाजवळ होती.

"माझ्या हाकेर आज मेरेन कोणाचां बोट चिड्डूक नाय," ते म्हणाले. त्यांच्या हाकेवर आजवर कुणाचं बोट चेचलं नव्हतं. "इतकी यंत्रां दवरली. आनी आता तोंडात कायच नाय. वझां नाय, भास नाय." दवरली म्हणजे खाली ठेवली, हे सांगताना त्यांचे दोन्ही तळहात जमिनीकडे गेले. मी त्यांचं समाधान करायला गेलो आणि माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रयत्न सुरू झाले. हिंदूरावांनी भिकाजीबाबांच्या खांद्यावर पुठ्ठ्याचं खोकं दिलं. "ह्यां रिकामां आसा," भिकाजीबाब एका क्षणात म्हणाले, आणि खोक्याकडे नव्हे तर हिंदूरावांकडे दुखावल्यासारखं पाहिलं. बसप्पांनी खोक्यात गुपचूप नारळ भरले. सुलभावहिनींनी ते पकडले आणि बसप्पांना त्या दिवशी भाजलेला बांगडा मिळाला नाही. मग मुक्ताला वाटलं, दुसऱ्यांच्या वजनाला त्यांनी नुसता हात लावावा. तेवढ्यात वाड्यावर, म्हणजे त्यांच्या आळीत, बातमी फुटलीच होती की सुलभाकडे पाहुणे आलेत आणि ते फुकट सामान हलवतात. चार बाया कुंपणापाशी उभ्या. "आमगेर पण भास करा मरे!" म्हणजे आमच्या घरीही.

आम्ही भाषा केली. एकीचा रगडा, एकीचा पलंग, एकीचा फ्रीज. प्रत्येक वेळी भिकाजीबाब शेजारून हात लावून चालले, प्रत्येक वेळी ओठ हलले, प्रत्येक वेळी हाक ओठांवरून मागे फिरली. आणि बसप्पांचा नियम अढळ. शनिवार दुपारपर्यंत त्या वाड्यावर रगडा विटांवर, पलंग चार स्टुलांवर आणि फ्रीज बाकड्यावर उभा होता. पलंगाची मालकीण शिडी लावून झोपायला जात होती. ज्या बायांनी आम्हाला बोलावलं होतं त्याच आता आमच्याकडे बघून पदर झटकत होत्या. कोल्हापुरात एवढ्यावर माझं काय झालं असतं याचा मी विचार केला नाही. इथे निदान नीरो मिळाला, बोंडांचा ताजा रस. तोही हिंदूरावांनी चटणीची डबी उघडायच्या आत मी पिऊन टाकला.

मुक्ता मात्र हसायची थांबली होती. "मामा, लोकांना उचलायला शिकवू आणि ठेवायला नाही, असा वर्ग कसा घेऊ?" माझ्या डोळ्यांपुढे अख्खी टेम्पो स्टँडची माणसं कपाटं धरून उभी होती.

रविवार: देवळापर्यंत

देवळाकडे जायचा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवला होता. बोलावलेली रिक्षा वाड्याच्या तोंडाशीच अडली. पुढचा चढ भिकाजीबाबांना चालवणार नव्हता. आम्ही सगळे अंगणातून चराकडे बघत उभे. मग बसप्पांनी सोप्यावरच्या कदेलीकडे पाहिलं, हिंदूरावांनी कुंपणाला टेकवलेल्या दोन वाशांकडे पाहिलं, आणि भिकाजीबाबांनी दोघांकडे.

"ना," ते कडाडले. "हांव मुकादम. हांव वझां नाय!"

मुकादमाला ओझं म्हणायची कुणाची हिंमत होईना. सुलभावहिनीच पुढे झाल्या. "बाबा, दोतोरान तुमकां उखलूक नाका म्हळां. तुमकां कोणी उखलूक नाका, असां म्हणूक नाय." आणि जरा थांबून, "माझां आरमार चार दीस बाकड्यार आसा."

या शेवटच्या वाक्याने काम केलं. भिकाजीबाब अंगरखा सारखा करून कदेलीत बसले. बसप्पांनी दोन वासे खुर्चीच्या हातांखाली घट्ट बांधले. पुढे ते आणि हिंदूराव, मागे मुक्ता आणि मी. यंत्र मुक्ताच्या गळ्यात, वही माझ्या पट्ट्यात, आणि लिहिणारे माझे दोन्ही हात वाशावर.

"एत्तूऽऽ!" हा आवाज बसप्पांचा नव्हता. वरून आला होता.

कदेल जमिनीवरून सुटली मात्र, आणि म्हातारा जो बोलायला लागला! आपण कसे नेले जातोय हे त्याला चौघांहून जास्त कळत होतं. उजवा खांदा बुडाला, डावा पाय लवकर पडला, पुढचा घाई करतो, मागचा कोल्हापूरकर झोपा काढतो. कधी कानडी, कधी कोकणी, कधी थेट आमच्या गंगावेशीतलं. चराच्या कडेला "मेल्लग, मेल्लग", वळणावर "पुढलो राव, फाटलो ये!", म्हणजे पुढच्याने थांबायचं, मागच्याने यायचं. वळताना दिसलेला हिंदूरावांचा गाल रडून ओला होता की घामाने, कळत नव्हतं. बसप्पा मात्र मोठ्याने हसत होते. एरवी मला दिसत होता तो फक्त भिकाजीबाबांच्या पाठीवरचा घाम आणि त्यांची ताठ मान, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, मणके जाऊ देत, हा माणूस असाच बोलत राहू दे.

मंडपात शिकायला आलेली माणसं उभी होती. आम्ही मध्यभागी पोचलो आणि थांबलो. आता हाक.

हाक येईना.

पुन्हा विसरले, असं मला वाटलं. मुक्ताने डोळे मिटून घेतले होते. मग मी मान वाकडी करून वर पाहिलं. भिकाजीबाबांचे गाल ओले होते आणि ते हसत होते.

"हाक दिली काय देवचां पडतला मरे," ते हळूच म्हणाले. हाक दिली की उतरावं लागेल. "आनी एक फेरो मारा."

मारला. देवळाभोवती पूर्ण एक फेरी. पुजाऱ्याने आरतीचं ताट बाजूला घेऊन वाट दिली. मंडपात परत आलो तेव्हा माझ्या पट्ट्याचा पहिला बंद तुटला, आणि भिकाजीबाबांनी हात वर करून हाक दिली. ती काय होती हे मी सांगणार आहे, जरा दम धरा. कदेलीचे चारही पाय एकाच वेळी टेकले. आवाज एकच झाला. कुणाचं बोट चेचलं नाही.

मग वर्ग म्हणजे काय, चार-चार जणांनी त्यांना उचलायचं आणि देवळाला फेरी मारायची. टेम्पोवाल्यांनी नेलं, कॉलेजच्या मुलींनी नेलं. एका मुलीचा हात जरा सैल पडला तर म्हाताऱ्याने तिला जे सुनावलं ते ती मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत होती. प्रत्येक फेरीअखेर हाक, आणि चौघांनी ती त्यांच्यामागून म्हणायची. दुपारी आम्ही वाड्यावर परतलो. रगडा, पलंग, फ्रीज, शेवटी शिसवी कपाट. एकेक करून सगळं जमिनीला टेकलं. कपाट टेकलं तेव्हा सुलभावहिनींनी आपल्या सासऱ्याला, सगळ्यांच्या देखत, वाकून नमस्कार केला. माझ्या पट्ट्याचा दुसरा बंद कपाटाखाली सापडून तुटला.

कोल्हापूर

आता खरी पंचाईत. हे सगळं लिहायला बसलो, इथपर्यंत आलो, आणि हाक लिहायची तर आठवेना. वही उघडली. तिथे कोरी ओळ, कारण तेव्हा माझे हात वाशावर होते आणि नंतर जेवणावर. मुक्ताला फोन करता आला असता, पण सुवाच्य अक्षरासाठी बोलावलेल्या मामाने काय तोंडाने करायचा? दोन दिवस टेबलाशी बसून राहिलो. खांदा मोकळा, डोकं मोकळं.

शेवटी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि गव्हाची पत्र्याची कोठी, जिच्याकडे बघायलासुद्धा डॉक्टरांनी बंदी केली असती, ती एका कडीला धरून उचलायला लागलो. बायको धावत आली. ओरडायच्या आधी तिने दुसरी कडी धरली, कारण मी तिथेच कोसळेन असं तिला वाटलं. कोठी वर आली. कंबर कळवळली. आणि तोंडातून, मला न विचारता, भिकाजीबाबांच्या सुरात निघालं:

"मेल्लग सकयल... सकयल... भुंय आयली... साकू, भावा!"

सकयल म्हणजे खाली हे बायकोला ठाऊक नाही, या भाषेतला एक शब्दही तिला येत नाही. तरीही कोठी दोघांच्या हातून एकाच वेळी टेकली, एकाच आवाजात. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालात? परत म्हणा बरं."

"परत उचलावी लागेल," मी म्हणालो.

तिने कडी सोडलीच नव्हती.